शहाण्यासारख्या बसलेल्या मुली

४ फेब्रुवारी

धाकटे,

तुझ्या कंपनीचं पत्र परवा हॉस्पिटलात आलं. सहीच्या जागी तुझं नाव बघून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मोठ्या साहेबांना सांगितलं, ही माझी सख्खी बहीण. ते म्हणाले, मग काळजीच मिटली, घरचंच माणूस आहे. दिवसभर मी कॉम्प्युटरच्या खोलीत अशी मिरवत होते की एसीवाल्या थंडोबाने विचारलं, ताई, पगार वाढला की काय.

फोन केला असता, पण फोनवर तू ‘हं, बोल’ म्हणतेस आणि मागे कीबोर्ड वाजत असतो. त्यापेक्षा कागद बरा. आई गेल्यावर आपल्याला वसतिगृहात ठेवलं, तेव्हा सिस्टर दर रविवारी दुपारी सगळ्यांना घरी पत्र लिहायला बसवायच्या. आपलं पत्र वाचायला घरी कोणी नव्हतं, म्हणून आपण समोरासमोर बसून एकमेकींनाच लिहायचो. तू लिहायचीस, ताई, तुझ्या नाकावर शाई लागली आहे.

तर तुमची मोजणी. साहेबांना मी माझ्या भाषेत समजावलं. खोलीतली सहा लोखंडी यंत्रं म्हणजे सहा बाक. प्रत्येक बाकावर चार-पाच मुली बसतात, म्हणजे हाताला न लागणारी, पण खऱ्यासारखी काम करणारी यंत्रं. एक केसपेपर सांभाळते, एक रक्ताचे रिपोर्ट, एक औषधांचा साठा. एक्स-रेची चित्रं सांभाळणारी ती आमची रडकी. सगळ्यांत हुशार आणि सगळ्यांत जास्त जागा मागणारी. आता तुमचं यंत्र दूर तिकडे बसून दर थोड्या वेळाने एकेका बाकाला विचारणार, किती काम चाललंय, मेमरी किती लागली, डिस्क किती भरली. त्यासाठी मला प्रत्येक बाक बाहेरच्या पाहुण्यासाठी तयार करून ठेवायचा आहे. साहेबांना एवढं कळलं. मग त्यांनी विचारलं, पण मोजायचं कशासाठी? त्याचं उत्तर मला देता आलं नाही. तेवढं कळव.

आणि खांद्याचं माप कळव. खोली थंडगार आणि अधूनमधून हात मोकळे, म्हणून तुझ्यासाठी स्वेटर सुरू केला आहे. निळा, पण शाळेच्या निळ्यापेक्षा गडद. घाबरू नकोस.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. इथे माझ्या टेबलावर कागदी पत्र आलं की लोक माझ्याकडे असे बघतात, जशी काही मी संग्रहालयातून कामाला येते.

साहेबांना सांग, नेहमीची पाहणी आहे, आम्ही सगळ्याच हॉस्पिटलांची करतो. काही आठवडे आकडे गोळा होतील, मग रिपोर्ट. त्यात काळजीचं काही नाही.

तुझं काम सोपं आहे. प्रत्येक यंत्रावर रिमोट मॅनेजमेंट चालू कर. फायरवॉलमध्ये त्याच्यापुरतं एकच दार उघड, तेही फक्त आमच्या मोजणीच्या यंत्रासाठी. आमच्या नावाने वेगळं खातं काढ आणि त्याला फक्त आकडे वाचायची परवानगी दे, तुझे सगळे अधिकार देऊ नकोस. शेवटी विश्वासू यंत्रांच्या यादीत आमच्या यंत्राचं नाव घाल. पासवर्ड ईमेलने नको, कागदावर पाठव. बघ, तुझा कागद उपयोगी पडला.

हे पहिलंच मोठं काम आहे जे माझ्या एकटीच्या नावावर आहे. नीट पार पडलं तर विभागाची खुर्ची मिळेल. वरची माणसं माझ्याकडे टक लावून बसली आहेत.

मापाचं नंतर कळवते. घरात टेप नाही.

धाकटी

५ मार्च

धाकटे,

सगळे बाक तयार झाले. एकदाच आज्ञा लिहून सगळ्यांना एका झटक्यात लावता आली असती, तू तशीच लावली असतीस. मी मात्र एकेकापाशी बसून हाताने केलं. पाच बाकांनी मुकाट्याने ऐकलं. सहावा अडून बसला. दार उघडलं, खातं काढलं, परवानगी दिली, तरी तुमच्या यंत्राला ओळखच देईना. थंडोबा म्हणाला, हा थेट माझ्या सासऱ्यांवर गेलाय. अर्धा दिवस डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की त्याचं घड्याळ मागे पडलंय. पाहुण्याच्या आणि घरच्याच्या घड्याळात फार अंतर असलं तर ही यंत्रं पाहुण्याला चोर समजतात. घड्याळ लावलं आणि गडी गोडीत आला.

विश्वासूंच्या यादीत तुमच्या यंत्राचं नाव घालताना मला हसू आलं. माझ्या यादीत तू पाळण्यात होतीस तेव्हापासून आहेस.

आता एक गंमत सांगते. तुमची मोजणी सुरू व्हायच्या आधी मी वर्ग आवरला. शाळेत तपासणीला बाई यायच्या तो दिवस आठव. सगळ्या इयत्तांनी एकाच हॉलमध्ये हात बांधून बसायचं, श्वास घेतलेलाही ऐकू येता कामा नये. आणि तुझी बडबड काही केल्या थांबायची नाही, म्हणून सिस्टर तुला वरच्या तापाच्या खोलीत झोपवायच्या. अंगात ताप नसताना तू चादर ओढून थर्मामीटर तोंडात धरून पडायचीस. शाळेला दर वर्षी उत्तम शेरा.

मीही तसंच केलं. एक्स-रेची नवी चित्रं तुमच्या मोजणीपुरती टेबलाखालच्या जुन्या सुट्या यंत्रावर वळवली आहेत. म्हणजे रडकी तापाच्या खोलीत. रोजच्या बॅकअपच्या प्रती, मोठे अहवाल, औषधांची फेरमोजणी, सगळं पुढे ढकललं. डॉक्टरांना सांगून ठेवलं, जुनी चित्रं अडल्याशिवाय उघडू नका, माझ्या बहिणीचं काम चाललंय. एक्स-रेवाले डॉक्टर कुरकुरले, पण ऐकलं. तुझ्या आकड्यांत माझा एकही बाक धापा टाकताना दिसणार नाही. तुझं पहिलं मोठं काम, त्यात माझ्या खोलीमुळे तुला खाली बघावं लागू नये.

स्वेटरची पाठ विणून झाली. आता खांद्यापाशी अडले आहे. माप?

ताई

१६ मार्च

ताई,

आकडे सुरळीत येत आहेत. सहाही यंत्रं दिसतात. घड्याळाचा किस्सा मी इथे सांगितला, सगळ्यांना आवडला.

वर्ग आवरल्याचं वाचलं. खोली तुझी आहे, ती तुझ्या पद्धतीने चालव, त्यात मी काय बोलणार. फक्त हे आमच्या माणसांजवळ बोलू नकोस. एकाचे दहा प्रश्न विचारत बसतील.

वरचे आकडे बघून खूश आहेत. फार धावपळ आहे, म्हणून एवढंच. मापाचं लक्षात आहे.

धाकटी

२१ एप्रिल

धाकटे,

साहेबांनी मला काल बोलावलं. तुमचा रिपोर्ट त्यांच्या टेबलावर होता. आत रंगीत पट्ट्या, हिरव्या, बुटक्या, जमिनीला चिकटलेल्या. एकेक पट्टी म्हणजे माझा एकेक बाक. खाली लिहिलं होतं की ही यंत्रं बहुतेक वेळ रिकामी असतात, सगळं काम कंपनीकडच्या दोन यंत्रांवर सहज मावेल, खोली बंद करावी आणि स्थानिक देखभालीची गरज राहणार नाही. स्थानिक देखभाल म्हणजे मी.

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, “ताई, मला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही मरमर काम करता.”

मी त्यांना सांगितलं, मीच सगळ्यांना गप्प बसवलं होतं. त्यांनी विचारलं, असं करायला तुम्हाला कोणी सांगितलं? कोणीच नाही. पाहणी म्हटल्यावर खोली आवरायची, एवढंच मला शिकवलेलं. तोपर्यंत वरून करारावर सह्याही झाल्या होत्या. तुझं नाव मी घेतलं नाही.

जिन्यावर एक्स-रेवाले डॉक्टर भेटले. म्हणाले, महिनाभर आम्ही हात बांधून बसलो ते तुमची खोली बंद व्हावी म्हणून का? मी हसले. दुसरं काय करणार.

तू मला असं करायला सांगितलं नव्हतंस, हे खरं. पण मी तुला सांगितलं होतं. तेव्हा मोजणी संपायला पुष्कळ वेळ होता. ताई, मुलींना बोलू दे, एवढी एक ओळ आली असती तर मी त्याच दिवशी वर्ग सुरू केला असता.

तुला इतकंच विचारते. तू माझं पत्र नीट वाचलं नव्हतंस ना? धावपळीत वरवर चाळलं असशील. तसं असेल तर तसं कळव. मी विश्वास ठेवीन.

ताई

६ मे

ताई,

नीट वाचलं होतं. बसमध्ये वाचलं, मग ऑफिसात पुन्हा वाचलं.

तू सुटायची वाट करून दिलीस, पण मला ती नको. सांगूनच टाकते. रिपोर्टात काय यायचं हे मोजणीच्या आधीच ठरलेलं होतं. आकडे जास्त आले असते तर आम्ही आणखी एकदा मोजलं असतं, हवे ते आकडे येईपर्यंत. खोली आज नाही तर उद्या जाणारच होती. तुझ्या टापटिपीमुळे ती लवकर गेली आणि मला खुर्ची मिळाली. मिळाली ती बरं झालं असंच मला वाटतं. मी नाही म्हटलं असतं तर माझ्या शेजारच्या टेबलावरचा माणूस हो म्हणायला तयार होता, आणि तो तुझा कोणी लागत नाही.

तापाच्या खोलीचं तू गंमत म्हणून लिहिलंस. मला ती कधीच गंमत वाटली नाही. धडधाकट असताना चादरीखाली पडून राहायचं आणि खालून तुम्हाला मिळालेल्या टाळ्या ऐकायच्या. तू पहिल्या बाकावर असायचीस. माझ्या बहिणीला ताप नाही, असं तू एकदाही उठून म्हणाली नाहीस.

आता रागावून बसू नकोस. मोकळी झालीस की इकडे ये. गॅलरीकडची खोली रिकामीच आहे. मी दिवसभर बाहेर असते, तुला निवांतपणा मिळेल.

धाकटी

१२ जून

धाकटे,

मी आठ इयत्ता पुढे होते, पण तशी मीही शाळेतलीच मुलगी होते. उठून बोलायचं धाडस मला झालं नाही. मधल्या सुट्टीत पेपरमिंटची गोळी फ्रॉकच्या खिशात लपवून वर तुझ्याकडे आणायचे. सिस्टरनी पाहिलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. मला वाटायचं, तेवढ्याने तुला कळत असेल. तुला टाळ्या आठवतात आणि गोळी आठवत नाही, हे तुझं पत्र वाचून समजलं.

माझ्या मुली तुमच्याकडे रवाना झाल्या. एकेक मुलगी तारेवरून निघून जायची आणि इकडे बाक रिकामा व्हायचा. सगळ्या गेल्यावर मी बाक बंद केले. त्या पंख्यांचा आवाज इतकी वर्षं कानात होता की तो थांबला तेव्हा मला वाटलं, मला ऐकू येईनासं झालं. थंडोबाने एसी बंद केला. खोली पहिल्यांदाच उबदार झाली आणि मला तिथे बसवेना. तुझ्या सुट्टीत तू याच खोलीत पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला होतास. पाय जमिनीला पुरायचे नाहीत, म्हणून मी खाली रिकामं खोकं ठेवायचे. ते खोकं परवापर्यंत कपाटाखाली होतं. त्यात वायरी ठेवत असे. भंगारवाला घेऊन गेला.

एक कामाचं सांगते आणि ते नीट वाच. रडकी आता तुमच्याकडे आहे आणि तिला ताप नाही. तुम्ही मोजलं तेव्हा ती वर्गात नव्हतीच. महिनाअखेरीला अहवाल, फेरमोजणी आणि एक्स-रे, सगळ्या एकदम बोलतात. तुमच्या दोन बाकांना ते झेपणार नाही. त्यांना वेळेवर जास्त जागा करून द्या. हे मी तुझ्यावर उपकार म्हणून सांगत नाही. तिथे माणसं टेबलावर झोपलेली असतात.

तुझ्याकडे यायचं म्हणतेस. विचार करते.

ताई

२ ऑगस्ट

ताई,

तुझ्या जूनच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं. जागा वाढवायचं मी वर बोलले होते. ते म्हणाले, आकड्यांत तशी गरज दिसत नाही, आणि आकडे तर आमचेच. मग मी तो विषय सोडून दिला.

जूनअखेरीला काय झालं ते तुला तिथे कळलंच असेल. सगळं एकदम अडकलं. एक बाई टेबलावर भूल दिलेली, सर्जन हातमोजे घालून उभे, आणि तिचा एक्स-रे काही उघडेना. शेवटी शस्त्रक्रिया न करताच तिला शुद्धीवर आणलं. ती बरी आहे, पण तिच्या नवऱ्याने तक्रार केली आहे. साहेबांनी तुला घरून बोलावलं आणि तू बाक पुन्हा सुरू केलेस, हे समजलं. तू होतीस म्हणून निभावलं.

आता आमच्याकडे चौकशी आहे. आकडे कमी का आले, असं विचारत आहेत. वकिलाने एक कागद तयार केला आहे, तो सोबत पाठवते. मोजणीच्या काळात स्थानिक कर्मचाऱ्याने कंपनीतल्या कोणालाही न सांगता यंत्रांवरचं काम बाजूला काढलं, असं त्यात आहे. तू ते केलंसच, त्यात खोटं काही नाही. ‘कोणालाही न सांगता’ एवढेच शब्द वाढवले आहेत. त्या शब्दांशिवाय माझी खुर्ची राहत नाही. नुसती खुर्चीच नाही, नोकरीही.

तुला त्याने काय फरक पडतो? तू घरीच आहेस. तुझ्याकडून आता कोण काय काढून घेणार. सही करून लगेच पाठव. मग आपण हे सगळं विसरून जाऊ. गॅलरीकडच्या खोलीला मी रंग देऊन घेतला आहे.

धाकटी

९ ऑगस्ट

विभागप्रमुख बाईंना,

आपलं २ ऑगस्टचं पत्र पोचलं. मागितलेला कागद सही करून सोबत जोडला आहे. ‘कोणालाही न सांगता’ हे शब्द मी खोडलेले नाहीत. ते खोटे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. तिसऱ्या कोणाला कळायची गरज नाही.

मी घरीच आहे, असं आपण लिहिलं आहे. आपल्या माहितीसाठी कळवते. बाक पुन्हा सुरू झाल्यावर साहेबांनी मला कायमचं परत घ्यायचं ठरवलं होतं. येत्या सोमवारपासून खोली पुन्हा माझ्या ताब्यात येणार होती. थंडोबाने एसी धुऊन ठेवला, दारावरची जुनी पाटी शोधून पुन्हा लावली. मी काम बाजूला काढलं हे साहेबांना ठाऊक होतं आणि तो भाबडेपणा समजून त्यांनी सोडून दिला होता, पण लपवल्याचा हा सही केलेला कागद त्यांच्यापर्यंत पोचला की ते बोलावणं रद्द होईल. ज्या बाईने कोणालाही न सांगता काम लपवलं तिच्या हातात कोणी हॉस्पिटलची यंत्रं देत नाही, आणि देऊही नयेत. हे समजून सही केली आहे. ती मी माझ्या बहिणीसाठी केली. तिला देण्यासारखं माझ्याजवळ एवढंच राहिलं होतं.

आता कामाचं. सहाही बाक चालू आहेत. एक्स-रेची चित्रं त्यांच्या जागी आली आहेत आणि उघडत आहेत. त्या बाईंची शस्त्रक्रिया काल झाली. आपल्या मोजणीसाठी केलेली सर्व व्यवस्था मी स्वतः प्रत्येक बाकापाशी बसून काढून टाकली आहे. रिमोट मॅनेजमेंट बंद केलं, फायरवॉलमधलं दार बंद केलं, आपलं खातं काढलं आणि विश्वासू यंत्रांच्या यादीतून आपल्या यंत्राचं नाव पुसलं. कंपनीला पुन्हा मोजायचं असेल तर साहेबांकडे नव्याने परवानगी मागावी. त्या वेळी या खोलीत जी कोणी असेल तिला मोजणीचा हेतू आधी सांगावा, म्हणजे ती वर्ग आवरायला जाणार नाही. सहाव्या बाकाचं घड्याळ अजून मागे पडतं, त्याकडे लक्ष ठेवायला मी साहेबांना सांगितलं आहे.

गॅलरीकडची खोली आपण दुसऱ्या कोणाला द्यावी.

यापुढे पत्रव्यवहाराचं कारण दिसत नाही.

कळावे,
माजी देखभाल कर्मचारी

ता. क. स्वेटर विणून झाला. खांद्याचं माप शेवटपर्यंत आलं नाही, म्हणून शाळेतल्या आठवणीने अंदाज धरला. थंडोबाच्या बायकोला तो अगदी अंगाबरोबर बसला.